वेगळेपणाची गोष्ट मुलांसाठी लिहिताना

चार ते सात वर्षांच्या मुलांचं चित्रपुस्तक बहुतेकदा ३२ पानांचं असतं, म्हणजे १६ पानांचे दोन फॉर्म (फॉर्म म्हणजे एक मोठा कागद छापून दुमडला की होणारा पानांचा संच). नाव, श्रेय यांची पानं वगळली की १३-१४ जोडपानं, म्हणजे पुस्तक उघडल्यावर समोरासमोर दिसणारी दोन-दोन पानं, उरतात. जोडपानाला ३० ते ३५ शब्द, एकूण साडेचारशेच्या आसपास. आधी कागद दुमडून कोरं पुस्तक करा आणि कुठल्या पानावर काय घडतं ते पेन्सिलीनं लिहा.

विषयासाठी लांब जायला नको. बेळगाव जिल्ह्यात निपाणी-खानापूरकडे घरी कन्नड बोलणारं मूल मराठी शाळेत येतं, तेव्हा डबा, खेळ, हाक मारायची रीत, सगळ्यात गोष्ट दडलेली असते. ते "बा इल्ली", म्हणजे "इकडे ये", म्हणालं तर पुस्तकात कंसात अर्थ देऊ नका. हाताची खूण दाखवा, मुलं ओळखतात.

नेहमीची चूक अशी: वेगळं मूल शेवटी कुणाचा तरी जीव वाचवतं आणि मगच त्याला खेळायला घेतात. म्हणजे पराक्रम न करणाऱ्याला जागा नाही, हेच वाचणारं मूल शिकतं. बदल इतरांत दाखवा. लगोरीचा एखादा नियम बदलला तरी पुरे. कुबडी घेणारी मुलगी असेल तर तिला हट्टी, खोडकरही असू द्या. आजीच्या तोंडी उपदेश आला की तो परिच्छेद सरळ खोडा.

मग पाच-सहा मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा. चुळबुळ होते तिथे खूण करा. प्रकाशकाकडे फक्त मजकूर पाठवा. चित्रकार सहसा प्रकाशकच निवडतो, पदरचे पैसे घालू नका.