दानीएलाच्या उपासाची भाकर: आठवडाभर आधीची तयारी

ईस्टरच्या आधी आमच्या चर्चच्या मंडळीतली बरीच घरं २१ दिवसांचा दानीएलाचा उपास धरतात. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकात पहिल्या अध्यायात तो दहा दिवस शाकभाजी आणि पाण्यावर राहतो, दहाव्यात तीन आठवडे रुचकर अन्न, मांस आणि द्राक्षारस सोडतो. या दोन उताऱ्यांवरून आजचा नेम ठरलाय: भाज्या, फळं, डाळी-कडधान्यं, अख्खं धान्य आणि पाणी चालतं. मांस, अंडी, दूध-तूप, साखर, गूळ, मध, चहा-कॉफी, मैदा आणि तळण बंद. खमीरही बंद, म्हणजे पाव, ब्रेड, नान, सोडा घातलेलं काहीही गेलं. शेजारच्या काकू हमखास विचारतात, "उपासाला भाकर कशी काय चालते तुम्हाला?" त्यांच्या उपासात धान्य सुटतं आणि भगर-साबुदाणा येतो, आपल्यात धान्य राहतं आणि चोचले सुटतात.

या उपासाला ज्वारीच्या भाकरीसारखं दुसरं अन्न नाही, असं मला मनापासून वाटतं. पीठ आणि पाणी, तिसरी वस्तू लागत नाही. पण ती ताजी थापावी लागते, आणि आधीची तयारी नसेल तर प्रार्थनेची वेळ गॅससमोर उभं राहण्यात जाते. म्हणून उपास सुरू व्हायच्या आठवडाभर आधी कामाला लागा.

सगळ्यात आधी घरात बसून कोण कोण उपास धरणार ते ठरवा. शुगरची, बीपीची गोळी चालू असेल, बाई गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल, तर आधी डॉक्टरला विचारायचं, यात मागेपुढे पाहू नका. चहाची सवय असेल तर तो चार-पाच दिवस आधीपासून कमी करत आणा, नाहीतर पहिले दोन दिवस डोकं धरून बसावं लागतं.

मग हिशोब. मध्यम भाकरीला साधारण ७० ग्रॅम पीठ लागतं. दोन्ही वेळ दोन-दोन भाकरी धरल्या तर माणशी रोजचं २८० ग्रॅम, २१ दिवसांचं सहा किलोच्या आसपास. तेवढी ज्वारी नागपूरच्या इतवारी बाजारातून एकदमच आणलेली बरी, पण बघून घ्या. मूठभर तळहातावर पसरा. दाणा टपोरा, मोत्यासारखा आणि एकसारखा हवा. काळपट टिपके दिसले तर ती कणसात असताना पावसात सापडलेली खरिपाची ज्वारी समजा. तिची भाकर काळी होते आणि चवही जाते. एक दाणा दाताखाली फोडून बघा, कटकन फुटला पाहिजे. शक्यतो रब्बीची घ्या. घरी आणली की एक ऊन दाखवा, पाखडून खडे निवडा, डब्यात कडुनिंबाचा सुकलेला पाला टाका.

दळण मात्र सगळं एकदम नको. ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांत विरी, म्हणजे बांधून राहण्याची ताकद, सोडतं आणि मार्चच्या उन्हात त्याहून लवकर. विरी गेलेल्या पिठाची भाकर थापताना कडेला फाटते आणि उचलताना हातात तुकडे येतात. म्हणून माणशी दोन किलो, दर आठवड्याला ताजं. चक्कीवाल्याला आधी सांगून ठेवा की ज्वारीवरच ज्वारी टाक, आणि बारीक दळ. नेहमीची चक्की एखाद्या दिवशी बंद राहते, त्यामुळे दळणाचा दिवस पीठ संपायच्या दोन दिवस आधीचा धरा. पीठ घरी आलं की पसरून गार होऊ द्या, मग डब्यात भरा. गव्हाच्या पोळ्या करणार असाल तर अख्खे गहू दळा, कोंडा चाळून फेकू नका, आणि तेल न लावता फुलके करा. विकतचं पीठ घेतलंच तर पाकिटामागचं वाचा. मैदा, साखर किंवा दूध पावडर लिहिलेली असेल तर ते पाकीट परत ठेवा.

भांडी काढून ठेवा: परात किंवा काठवट, लोखंडी तवा, सराटा (उलथणं), पाणी उकळायला छोटं पातेलं, भाकरीवर पाणी फिरवायला सुती फडकं. तव्यावर मागच्या आम्लेटचा वास असेल तर राख लावून घासा आणि एकदा कोरडाच तापवा. भरलेलं सिलिंडर घरात आहे ना बघा.

ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी आठवड्यातच दोन-तीनदा करून बघावी. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, गरम पाणी पिठाला बांधून धरतं. वाटीभर पिठात पाऊण वाटीच्या आसपास कढत पाणी थोडं थोडं घाला, आधी सराट्याने हलवा, मग हात सोसेल तेव्हा तळहाताच्या बुडाने रगडा. इथे घाई करू नका. पीठ लोण्यासारखं मऊ होऊन परात सोडेपर्यंत रगडायचं. कोरड्या पिठावर गोळा ठेवून बोटांनी थापत फिरवा, कडा मध्यापेक्षा जाड राहू देऊ नका. तापलेल्या तव्यावर पीठ लागलेली बाजू वर येईल अशी टाका आणि लगेच ओल्या फडक्याने वरून पाणी फिरवा. पाणी आटत आलं की उलटा, दुसरी बाजू चांगली भाजू द्या, मग सरळ आचेवर धरा. पापुद्रा सुटून ती टम्म फुगते. थापता येतच नसेल तर दोन प्लॅस्टिकच्या कागदांमध्ये लाटा, काही बिघडत नाही.

मळायचं मात्र जेवढं लागेल तेवढंच. आपल्याकडच्या उन्हात ओलं पीठ ओट्यावर राहिलं की आंबायला लागतं, आणि खमीर सोडलेल्या घरात आंबवण आपणच तयार करून ठेवतो. दानीएलाच्या उताऱ्यात खमिराचं नाव नाही, हे खरं. पण नेम धरलाय तर तो नीट पाळावा. याच कारणाने ज्वारीची आंबील या दिवसांत बाजूला ठेवा. तिच्याऐवजी ज्वारी भरडून कण्या करून ठेवल्या तर सकाळी शिजवायला सोप्या पडतात, दात नसलेल्या म्हाताऱ्या माणसांनाही खाता येतात.

तोंडी लावायला जवसाची आणि तिळाची चटणी आधीच कुटून भरून ठेवा. तिखट, मीठ, जिरं, लसूण, बास. ओली भाजी दोन-तीन दिवसांची आणा, मंगळवारी भागातल्या बाजारातून किंवा कॉटन मार्केटमधून. मुंगण्याच्या (शेवग्याच्या) शेंगा, पालक, वांगी, टमाटर, सांभार (कोथिंबीर). चून (बेसनाचं पिठलं) कमी तेलात करा. मृग बहाराची संत्री या दिवसांत बाजारात असतात. रस काढण्यापेक्षा फोडी खा, पोट भरतं. चटण्यांच्या चार-पाच बरण्यांच्या पुढे जाऊ नका. रोज नवा पदार्थ शोधत बसलो तर रुचकर अन्न सोडलं कुठे?

ऑफिसला जाणाऱ्यांसाठी भाकर पातळ थापा, फडक्यात गुंडाळून डब्यात द्या. गरम गरम बंद केली तर घाम येऊन चिवट होते. रविवारी उपासनेनंतर सगळ्यांनी मिळून जेवायचं असेल तर कोण भाकरी आणणार, कोण भाजी, हे आधीच्या रविवारीच वाटून घ्या. आणि भाकरी थापण्याचं काम एकट्या आईवर टाकू नका. भाजी चिरणं, दळण आणणं, भांडी घासणं घरातल्या बाकीच्यांकडे द्या, म्हणजे संध्याकाळी बायबल घेऊन बसताना तीही शेजारी बसेल.

उपास सोडण्याचं नियोजनही आत्ताच करा. २१ दिवसांनंतर पहिल्याच जेवणात सावजी मटणावर ताव मारला तर पोट ऐकणार नाही. पहिले दोन दिवस भाकर-भाजीच चालू ठेवा, सोबत थोडं दही-ताक सुरू करा, रस्सा तिसऱ्या दिवशी. त्या दोन दिवसांची माणशी अर्धा किलो ज्वारी वर धरूनच इतवारीला जा.