इतिहासाच्या पॉडकास्टवर असिस्टंट म्हणून काम करायचं असेल तर

इतिहास विभागाच्या पॉडकास्टसाठी प्रॉडक्शन असिस्टंट हवाय अशी नोटीस लागली की दोन प्रकारची मुलं अर्ज करतात. काहींना इतिहासाची ओढ असते, पण माइक कधी हातात धरलेला नसतो. काहींकडे स्वतःचा माइक असतो, पण शके आणि सन यांच्याशी काही देणंघेणं नसतं. मी पहिल्यांतली. पुण्यात एम.ए. करताना हे काम केलं. मानधन पेट्रोल आणि चहापुरतं होतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे त्या आशेवर कुणी पुढे वाचायला नको.

यंत्रांची भीती बाळगू नका. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर लावायचा, फाइल डब्ल्यूएव्हीच (आवाज न दाबता साठवणारा प्रकार) ठेवायची, बोलणाऱ्याचा आवाज रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी लेव्हल धरायची आणि हेडफोन कानावरून काढायचे नाहीत. एका माइकची तासाभराची फाइल साधारण ५०० एमबी होते, त्यामुळे कार्डात जागा आहे का ते घरून निघतानाच बघायचं. हे सगळं एका दुपारी शिकून होतं. ऑडॅसिटी हे आवाज एडिट करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, सुरुवातीला तेवढं पुरतं. महागडा माइक विकत घेण्याआधी विभागाच्या कपाटात काय पडून आहे ते पाहा. बहुतेक वेळा दोन कॉलर माइक निघतातच.

खरा वेळ खाणारं काम वेगळं आहे. फोन करणं, वेळा जुळवणं, संमतिपत्रावर सही घेणं, झालेलं रेकॉर्डिंग शब्दन्‌शब्द उतरवून काढणं आणि सरांनी लिहिलेली संहिता कानाला कळेल अशी करून घेणं. यातलं उतरवून काढणं सगळ्यांना नकोसं वाटतं. मी मात्र सांगेन की ते दुसऱ्यावर ढकलू नका. तासाभराचं बोलणं कागदावर यायला अख्खा दिवस जातो, पण त्यानंतर कुठलं वाक्य कितव्या मिनिटाला आहे हे टीममध्ये फक्त तुम्हाला माहीत असतं, आणि एडिटच्या टेबलावर मग तुमचं ऐकलं जातं.

आमचा सगळ्यांत जास्त घाम काढणारा विषय होता पानशेतचा पूर. १२ जुलै १९६१ ला आंबी नदीवरचं, अजून पुरं न झालेलं पानशेत धरण सकाळी फुटलं आणि काही तासांनी खालचं जुनं खडकवासला धरणही गेलं, आणि पुण्यात पूर आला. ज्यांनी तो पूर पाहिला ते लोक आता फार थकलेत, त्यामुळे त्यांना स्टुडिओत बोलवायचा प्रश्नच नव्हता. आम्हीच घरोघरी गेलो.

पेठेतल्या घरात रेकॉर्डिंग म्हणजे पंखा, शेजारचा कुकर, कबुतरं आणि खालून जाणारा भंगारवाला. पंखा बंद करायला सांगताना संकोच वाटतो, पण सांगावंच लागतं. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. म्हणजे तो परत चालू केल्याशिवाय तुम्हाला निघताच येणार नाही. बोलणं संपल्यावर सगळ्यांना मिनिटभर गप्प बसवून खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करून घ्या. एडिटमध्ये दोन वाक्यांच्या मधे ती भरावी लागते, नाहीतर प्रत्येक कट ठसक्यासारखा कळतो. चहा आला तर आधी पिऊन घ्या. कपबश्यांचा आवाज काही केल्या निघत नाही.

प्रश्न विचारणं हे असिस्टंटचं काम नाही असं कागदावर असतं. प्रत्यक्षात मुलाखत घेणाऱ्या मॅडम आजोबांशी बोलत असताना तुम्ही स्वयंपाकघरात आजींशी बोलत असता आणि सोनं तिथेच सापडतं. ‘पूर पाहून तुम्हाला काय वाटलं?’ असं विचारलं की ‘काय वाटणार, भीती वाटली’ एवढंच उत्तर येतं. ‘आजी, पाणी आलं तेव्हा तुमचा स्वयंपाक झाला होता का?’ असं विचारलं की चूल, भिजलेलं धान्य, माडीवर नेलेली मुलं, मग कितीतरी दिवस न गेलेला चिखलाचा वास, सगळं ओळीने येतं. खडकवासला गेल्यामुळे पूर ओसरल्यावर शहराचं पिण्याचं पाणीच तुटलं होतं. ते दिवस लोकांना पुराइतकेच लख्ख आठवतात. अशा वेळी मॅडमना खूण करा, आजींना विचारा आणि माइक तिकडे न्या. आजी ‘माझं कशाला, यांचंच घ्या’ म्हणतील. एकदा अजून विचारा. त्यानंतरही नको म्हणाल्या तर मात्र सोडून द्या.

आठवणी आणि कागद जुळत नाहीत, तेव्हा नवख्या माणसाला आठवण चुकीची वाटते. घाई करू नका. पाणी अमुक वाजता आलं असं एक जण सांगतो, दुसरा त्याच्या कितीतरी नंतरची वेळ सांगतो. नदीकाठच्या गल्लीत आणि जरा चढावरच्या वाड्यात पाणी एकाच वेळी कसं शिरेल? नकाशा घेऊन बसलं की दोघंही बरोबर निघू शकतात. मृतांच्या आकड्याचं मात्र तसं नाही. सरकारी आकडा वेगळा, लोकांच्या तोंडचा वेगळा. तिथे निवेदनात आकडा कुणाचा हे सांगितल्याशिवाय तो घ्यायचा नाही, असा आमचा नियम होता आणि त्यावरून वादही झाले.

जुन्या काळावरचा भाग असेल तर तारखा तपासणं तुमच्याकडे येतं. शके वर्षात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं. शके १५९६ च्या ज्येष्ठातला शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ ला येतो, इथपर्यंत ठीक. पण पानिपतची लढाई शके १६८२ च्या पौषातली. ७८ मिळवले तर १७६० येतं आणि लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. शके वर्ष चैत्रात बदलतं, त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. मोडी कागदांत सुहूर सन, फसली, हिजरी अशा वेगळ्या कालगणना भेटतील तेव्हा स्वतः हिशेब करत बसू नका, तारखा जुळवून दिलेली जंत्री उघडा.

संहितेबद्दल थोडं. प्राध्यापक निबंध लिहितात. ‘तत्कालीन परिस्थितीच्या पार्श्वभूमीवर’ने सुरू झालेलं वाक्य क्रियापदापर्यंत पोचतं तेव्हा ऐकणारा सिग्नलवर हॉर्न वाजवत असतो. तुम्ही थेट ‘सर, हे अवघड आहे’ म्हणू नका, त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. जिथे त्यांचा श्वास संपतो तिथे ते स्वतःच पूर्णविराम देतात. एका परिच्छेदात एकापेक्षा जास्त सन आले तर मी पेन्सिलने खूण करायचे. आणि कृपा करून म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीखाली करुण बासरी घालू नका. ते बोलतायत तेवढं पुरे असतं.

जुनं गाणं वापरायचा मोह होईल. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे १९६१ साली निघालेल्या रेकॉर्डचा २०२१ अखेर संपला. पण गीतकार आणि संगीतकार यांचे हक्क वेगळे आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतात. त्यामुळे रेकॉर्ड जुनी आहे एवढ्यावर गाणं मोकळं झालं असं समजू नका.

रुजू होण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. श्रेयनामावलीत तुमचं नाव प्रत्येक भागात येणार का, आणि न कापलेली मूळ रेकॉर्डिंग कुठे जपली जाणार. वीस मिनिटांच्या भागासाठी तास-तासभर बोलणं घेतलेलं असतं. ते विभागाच्या एखाद्या लॅपटॉपवर राहणार असेल, तर पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या हार्ड डिस्कची मागणी करा आणि प्रत्येक फाइलच्या नावात तारीख, गाव आणि संमतिपत्राचा क्रमांक घाला.