मॅक्रो असलेली एक्सेल फाइल सेव्ह करताना ‘येस’ दाबू नका

पगारपत्रकात बटण बसवलं, कोड चालला, कंट्रोल-एस दाबून फाइल बंद केली. दुसऱ्या दिवशी उघडली तर आकडे जागच्या जागी आणि मॅक्रो (एक्सेलकडून कामं आपोआप करून घेणारा कोड) गायब. असं होण्याचं कारण फाइलच्या प्रकारात आहे. एक्सेल २००७ पासून नेहमीची वर्कबुक एक्सएलएसएक्स प्रकारात सेव्ह होते आणि त्यात व्हीबीए (मॅक्रो ज्या भाषेत लिहितात ती) कोडला जागाच नसते. कोड ठेवायचा तर एक्सएलएसएम हवं.

म्हणून कोडची पहिली ओळ लिहिण्याआधीच एफ१२ दाबा (लॅपटॉपवर बहुधा सोबत एफएन लागेल), ‘सेव्ह अ‍ॅज टाइप’च्या यादीतून ‘एक्सेल मॅक्रो-एनेबल्ड वर्कबुक’ निवडा आणि सेव्ह करा. विंडोज ११ मध्ये फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू, मग शो मधून ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू ठेवा, म्हणजे एकाच नावाच्या दोन फाइलींमधली मॅक्रोची कोणती ते लगेच कळतं.

हे आधी केलं नसेल तर सेव्ह करताना एक्सेल अडवतं: ‘व्हीबी प्रोजेक्ट’ (म्हणजे तुमचा कोड) मॅक्रो-फ्री वर्कबुकमध्ये सेव्ह होत नाही, तरी पुढे जायचं का? घाईत बोट ‘येस’वर जातं. इथे येस म्हणजे ‘मॅक्रो टाकून दे’. ‘नो’ दाबा आणि एक्सएलएसएम निवडा.

येस दाबून झालं असेल तर फाइल बंद करू नका! ती उघडी आहे तोवर कोड मेमरीत असतो. ऑल्ट-एफ११ दाबून व्हीबीएचा एडिटर, म्हणजे कोडची खिडकी उघडा, तिथे मॉड्यूल (कोड लिहिलेलं पान) दिसतंय का बघा आणि लगेच एफ१२ ने एक्सएलएसएम करून घ्या. एकदा बंद केली की त्या फाइलमधून कोड परत मिळत नाही.

नाव बदलून शेवटचा ‘एक्स’ खोडायचा आणि ‘एम’ लिहायचा, हा उपाय चालत नाही. आतली रचना तीच राहते, त्यामुळे फाइलचा प्रकार किंवा एक्स्टेन्शन चुकीचं आहे असं सांगून एक्सेल ती उघडतच नाही. जुन्या एक्सएलएस प्रकारात मॅक्रो राहतात, पण ६५,५३६ ओळी आणि २५६ रकाने एवढीच मर्यादा. मोठ्या डेटासाठी एक्सएलएसबी चांगलं. त्यातही मॅक्रो राहतात, पण अशा फाइलच्या नावावरून आत मॅक्रो आहे की नाही ते समजत नाही.

मॅक्रो रेकॉर्ड करताना ‘स्टोअर मॅक्रो इन’मध्ये ‘धिस वर्कबुक’ आहे ना, ते तपासा. ‘पर्सनल मॅक्रो वर्कबुक’ असेल तर कोड तुमच्या संगणकावरच राहतो, पाठवलेल्या फाइलबरोबर जात नाही.

मेलवरून आलेली एक्सएलएसएम उघडल्यावर लाल पट्टी दिसली तर फाइल बिघडलेली नाही. इंटरनेटवरून आलेले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून आपोआप अडवायला सुरुवात केली. पाठवणारा ओळखीचा असेल आणि त्यानेच ती पाठवल्याची खात्री असेल तरच फाइल बंद करून तिच्यावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली ‘अनब्लॉक’वर खूण, ओके.

मॅक्रो चालवण्याआधी दर वेळी सेव्ह करा. मॅक्रोने शीटमध्ये केलेले बदल कंट्रोल-झेडने मागे घेता येत नाहीत. कोडची वेगळी प्रतही ठेवा: ऑल्ट-एफ११ च्या खिडकीत मॉड्यूल निवडून कंट्रोल-ई दाबलं की त्याची बीएएस फाइल तयार होते.

आता मराठीत काम करणाऱ्यांची खास अडचण. व्हीबीएच्या एडिटरला युनिकोड (मराठीसारख्या लिप्या संगणकावर दाखवणारी पद्धत) कळत नाही. शीटचं नाव ‘हजेरी’ असेल आणि कोडमध्ये ते तसंच लिहिलं तर तिथे नुसती प्रश्नचिन्हं उमटतात आणि कोड चालवला की एरर ९ येते, कारण त्या नावाचं शीट सापडत नाही. वर्कशीटच्या टॅबवरचं मराठी नाव तसंच राहू द्या. एडिटरमध्ये डावीकडे ते शीट निवडा, एफ४ दाबा आणि सगळ्यात वरच्या, कंसातल्या ‘नेम’समोर रोमन लिपीत नाव द्या. कोडमध्ये शीटसाठी हेच नाव वापरा. मराठी मजकूरही कोडमध्ये न लिहिता एखाद्या सेलमध्ये ठेवा आणि तिथून वाचा. मेसेज बॉक्समध्ये मात्र तरीही प्रश्नचिन्हंच दिसतील. सूचना मराठीत दाखवायची असेल तर यूजरफॉर्मवर (एडिटरमध्ये स्वतः बनवता येणारी खिडकी) लेबल ठेवून त्यात सेलमधला मजकूर घ्या.