साताऱ्यात पदवीला येताय? शिष्यवृत्ती मिळते, पण मधले महिने कसे काढायचे ते आधी ठरवा

बारावीचा निकाल लागला की मला फोन सुरू होतात. बीड, जालना, परभणीकडून, नाहीतर इकडच्याच माण, जत, आटपाडीकडून. मी मूळची पाटोदा तालुक्यातली. आई-वडील ऊसतोडीला कराडकडच्या कारखान्यांवर यायचे, म्हणून हा मुलूख लहानपणापासून ओळखीचा. शिकायला साताऱ्यात आले आणि इथलीच झाले. फोनवर सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: ताई, शिष्यवृत्ती मिळेल का?

मिळेल. कागद नीट असतील तर बहुतेकांना काही ना काही मिळतंच. पण ती कधी मिळेल हे कुणी विचारत नाही, आणि पोरं अडकतात ती तिथेच. प्रवेश जून-जुलैत होतो. खोलीचं डिपॉझिट त्याच आठवड्यात द्यावं लागतं, मेसवाले महिन्याचे पैसे आगाऊ घेतात. शिष्यवृत्तीचा हप्ता मात्र वर्ष सरत आलं तरी खात्यावर दिसत नाही, कधीकधी तर पुढच्या वर्षावर जातो. पहिलं वर्ष अर्धवट सोडून गावी गेलेली जी मुलं मी पाहिली, त्यांतल्या बऱ्याच जणांचा अर्ज मंजूर होता. फक्त पैसे येईपर्यंत त्यांना तग धरता आला नाही.

तेव्हा पहिलं काम गाव सोडायच्या आधीचं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, तलाठ्याच्या कागदावर भागत नाही, आणि तो आई-वडील राहतात त्याच तालुक्यातून निघतो. जात पडताळणीचं प्रकरणही आपापल्या जिल्ह्याच्या समितीकडे असतं. साताऱ्यात बसून बीडच्या समितीचा पाठपुरावा करणं म्हणजे प्रत्येक फेरीला दोन दिवस आणि भाड्याचे पैसे. डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, रेशनकार्डाची प्रत, बारावीचा दाखला, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, हे सगळं एका फाइलीत घालून निघा. अल्पभूधारक असाल तर तो दाखलाही काढा, पुढे कामाला येतो.

ऊसतोड करणाऱ्या घरातल्या मुलांना एक गोष्ट मुद्दाम सांगते. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या गाव सोडतात आणि नेमके त्याच दिवसांत महाडीबीटीचे, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे, अर्ज चालू असतात. मागे एक मुलगी माझ्याकडे बसून अर्ज भरत होती. सगळं भरून झालं आणि आधारचा ओटीपी गेला वडिलांच्या नंबरवर. वडील उसाच्या फडात, फोन कोपीत (तोडणीवाल्यांच्या झोपडीत) चार्जिंगविना पडलेला. टोळीच्या मुकादमाला फोन लावला, त्याने गाडीवानाला सांगितलं, संध्याकाळी वडिलांचा फोन आला तोवर तो ओटीपी कधीच बाद झाला होता. पुन्हा पाठवला. त्यांना वाचता येईना, शेजारच्या कोपीतल्या पोराने एकेक आकडा मोठ्याने वाचून सांगितला. अर्ज गेला एकदाचा, पण सगळ्यांनाच असा शेजारी भेटत नाही. आधारला स्वतःचा मोबाईल नंबर जोडून घ्या. आधार केंद्रावर थोडक्या पैशांत होणारं काम आहे.

बँक खात्याचंही तसंच. खात्याला आधार ‘दिलेलं’ असणं आणि खातं डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) आधारशी ‘सीड’ झालेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी पैसा जातो तो सीड झालेल्या खात्यात. दहावीत असताना गावच्या बँकेत काढलेलं आणि आता बंद पडलेलं खातंच सीड असेल, तर हप्ता तिकडे जाऊन अडकतो. बँकेत जाऊन स्पष्ट शब्दांत विचारा, ‘माझं डीबीटीचं खातं कुठलं आहे?’ आणि लेखी अर्ज देऊन ते चालू खात्याला जोडून घ्या.

आता योजना. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. यात केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट तुमच्या खात्यात येतो आणि त्यात कॉलेजच्या फीचे पैसेही असतात. मोठी रक्कम दिसली म्हणून लगेच घरी पाठवू नका किंवा मोबाईल घेऊ नका. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन त्यातले कॉलेजचे किती, ते विचारा, आणि ते भरून पावती घ्या. सरकारी वसतिगृहाला अर्ज करूनही जागा मिळाली नाही, तर याच मुलांसाठी आणि नवबौद्धांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जेवण, राहणं आणि इतर खर्च मिळून जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला ४३,००० रुपये. म्हणून वसतिगृहाचा अर्ज, ‘जागा मिळणार नाही’ असं कुणी सांगितलं तरी, भराच. त्या अर्जाशिवाय पुढचं काही हलत नाही. अशाच धर्तीवर ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तर आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे.

खुल्या प्रवर्गातल्यांना वाटतं, आपल्याला काहीच नाही. तसं नाही. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून व्यावसायिक अभ्यासक्रमांची निम्मी फी मिळते. अल्पभूधारक शेतकऱ्याच्या किंवा नोंदणीकृत मजुराच्या मुलाला त्याच्या जोडीने पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही घेता येतो. बारावीला चांगले गुण असतील तर केंद्राची आणखी एक शिष्यवृत्ती पाहा. मंडळाच्या वरच्या २० टक्क्यांत बसणाऱ्यांना, उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असल्यास, पदवीची पहिली तीन वर्षं दरसाल १२,००० रुपये. हिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर वेगळा भरावा लागतो आणि दुसरी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही मिळत नाही. दोन्हींतली कुठली फायद्याची, हे आधी हिशोब मांडून ठरवा.

मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठा बदल झाला आहे. ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास प्रवर्ग) आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. इंजिनिअरिंग, फार्मसीकडे येणाऱ्या मुलींच्या आई-वडिलांना हे आवर्जून सांगा, कारण फीच्या भीतीने अजूनही पोरींना बी.ए.ला घालून लग्न उरकतात. दोन अटी मात्र पक्क्या लक्षात ठेवा: प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतूनच, म्हणजे कॅपमधूनच हवा आणि संस्था अभिमत किंवा खासगी विद्यापीठ नको. ‘मॅनेजमेंटमधून सीट करून देतो, शिष्यवृत्ती नंतर बसवू’ असं सांगणारा माणूस कॉलेजच्या गेटवर भेटला तर सरळ पुढे चालू लागा. ती सीट घेतली की फी माफीचा दरवाजा बंद. योजनेत माफ असलेली फी पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी मागू नये, असे शासनाचे आदेश आहेत. खिडकीवर मागितलीच तर भांडू नका, पण ‘लेखी द्या’ एवढं नक्की म्हणा.

सातारा हा फौजींचा जिल्हा. तुमच्या घरात माजी सैनिक असतील, मग ते बीडचे का असेनात, तर केंद्रीय सैनिक बोर्डाची पंतप्रधान शिष्यवृत्ती बघा: व्यावसायिक पदवीच्या पहिल्या वर्षाला अर्ज, बारावीला किमान ६० टक्के, मुलींना महिन्याला ३,००० आणि मुलांना २,५०० रुपये.

हे सगळे पैसे उशिराचे. दर महिन्याला हातात पडणारा पैसा म्हणजे ‘कमवा आणि शिका’ योजनेचा, कॉलेजातच काम करून मिळणारा, आणि त्यासाठी साताऱ्याइतकं चांगलं गाव मला दुसरं माहीत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची पोरं एकत्र राबायची, एकत्र जेवायची. त्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. १९४७ मध्ये निघालेलं छत्रपती शिवाजी कॉलेज याच श्रमाच्या विचारावर उभं राहिलं. त्यामुळे इथे झाडू हातात घेऊन पुढच्या तासाला वर्गात बसणाऱ्या मुलाकडे कुणी वाकड्या नजरेने पाहत नाही. मीही ग्रंथालयात पुस्तकं लावली, प्रयोगशाळेत काचेची भांडी धुतली, आणि मेसचा खर्च त्यातून निघाला.

कॉलेजात कमवा आणि शिकाची समिती असते, तिचे प्रमुख प्राध्यापक कोण ते पहिल्याच आठवड्यात शोधून काढा. जागा मोजक्या असतात आणि नोटीस लागेपर्यंत थांबलं तर संपलेल्या असतात. ग्रंथालय, ऑफिस, बाग, प्रयोगशाळा, जे मिळेल ते घ्या. कामाचे तास रोजच्या रोज वहीत लिहून सरांची सही घ्या, कारण महिनाअखेरीचा हिशोब त्या सहीवर होतो. परीक्षेच्या महिन्यात तास कमी करून मागा. बहुतेक सर ऐकतात.

राहायला पोवई नाक्याजवळ महाग पडतं. दोघा-तिघांनी मिळून गोडोली, शाहूपुरी किंवा करंजेकडे कॉट बेसिसवर खोली बघा. घरमालकाकडून भाड्याची पावती आणि साधा करार मागायला लाजू नका, निर्वाह भत्त्याच्या अर्जाला राहण्याचा पुरावा लागतो. जवळच्या तालुक्यातून रोज ये-जा करणार असाल तर एसटीचा विद्यार्थी पास एक तृतीयांश भाड्यात मिळतो. मुलींना गावी जाताना एसटीचं तिकीट तसंही निम्मं आहे.

एवढं करूनही कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज आहेच. चार लाखांपर्यंत बँक स्वतःचा हिस्सा भरायला सांगत नाही आणि साडेसात लाखांपर्यंत जमीन तारण ठेवायची गरज नसते. मुकादमाकडून जादा उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेऊन फी भरण्यापेक्षा हे हजार पटीने बरं. ती उचल फेडायला आई-बापांना आणखी एक हंगाम फडात घालवावा लागतो.

अर्ज शक्यतो स्वतः भरा. नेट कॅफेवाल्याकडून भरून घेतला तरी युझरनेम आणि पासवर्ड तुमच्याच वहीत हवेत, त्याच्या नव्हे. अर्ज सबमिट झाला म्हणजे काम झालं असं समजू नका. आधी कॉलेजचा क्लार्क तपासतो, मग समाजकल्याण किंवा संबंधित विभाग. काही चुकलं तर ‘सेंड बॅक’ होऊन अर्ज तुमच्याच लॉगिनला परत येतो आणि तुम्ही उघडून पाहिलं नाही तर तिथेच पडून राहतो. दर आठवड्याला एकदा स्टेटस बघा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो, तो आपोआप होत नाही. त्याला मागच्या वर्षाची गुणपत्रिका लागते आणि हजेरी कमी असेल तर तिथेही अडतं. उत्पन्नाचा दाखला एकाच वर्षाचा काढला असेल तर तो ३१ मार्चला संपतो. आई-वडील हंगाम संपवून गावी परतले की त्याच महिन्यात नवा काढून ठेवायला सांगा.