घरच्या बागेतील पीच आणि नेक्टरीन : लागवडीपासून तोडणीपर्यंत

पीचचे रोप विकत घेण्याआधी आपल्या गावच्या हिवाळ्याचा हिशोब मांडावा. हे पानगळीचे झाड आहे आणि हिवाळ्यात सुमारे 7 अंश सेल्सियसखालच्या थंडीचे काही शे तास मिळाल्याशिवाय त्याच्या कळ्या नीट फुटत नाहीत. निफाडचा पारा घसरल्याची बातमी दरवर्षी येते, पण त्या मोजक्या पहाटांनी ही गरज भागत नाही. म्हणून महाराष्ट्रात या झाडाकडून फळांची फारशी आशा धरू नये. चंडीगड, डेहराडून, हिमाचल किंवा परदेशातील थंड मुलखात राहणाऱ्या मराठी मंडळींना मात्र अंगणात जागा असेल तर ही हौस सहज भागवता येते.

उत्तरेच्या मैदानी भागात शान-ए-पंजाब किंवा फ्लोरिडा प्रिन्स यांसारखी कमी थंडीवर भागणारी वाणे निवडावीत. ती एप्रिल-मेमध्ये तयार होत असल्याने फळमाशीच्या तडाख्यातूनही बरीचशी वाचतात. पहाडात जुलै एल्बर्टासारखे वाण चालते. नेक्टरीन हे वेगळे झाड नसून, एका जनुकाच्या फरकामुळे लव नसलेले पीचच आहे. त्यामुळे दोघांची निगा सारखीच, फक्त नेक्टरीनची उघडी साल कीड आणि कुजीला लवकर बळी पडते. बहुतेक वाणांना परागीकरणासाठी दुसरे झाड लागत नाही, तेव्हा एकावरही काम भागते.

जागा दिवसभर उन्हाची असावी आणि निचरा उत्तम हवा. खड्डा खणून तो पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी साचलेले दिसले तर जागा बदलावी किंवा उंच वाफा करावा, कारण मुळाशी पाणी तुंबलेले हे झाड मुळीच सोसत नाही. जानेवारीत, झाड झोपेत असताना, कलम लावावे व कलमाचा सांधा मातीच्या वर चार बोटे राहील असे पाहावे. लावल्याबरोबर शेंडा 60 ते 75 सेंटीमीटरवर छाटावा आणि पुढे फुटणाऱ्या फांद्यांपैकी चोहोबाजूंना पसरणाऱ्या तीन-चारच राखाव्यात, म्हणजे मधला भाग वाडग्यासारखा मोकळा राहून ऊन आतपर्यंत पोहोचते.

खरी परीक्षा असते ती छाटणीची. पीचला फळ धरते ते गेल्या हंगामात वाढलेल्या, तांबूस सालीच्या कोवळ्या काडीवर. एकदा फळून गेलेली काडी पुन्हा फळत नाही. म्हणून दर हिवाळ्याच्या अखेरीस जुन्या काड्या, आत वाढणाऱ्या फांद्या आणि सरळसोट वर जाणारे पानसोट काढून जवळजवळ निम्मे झाड उतरवावे लागते. आंबा-पेरूची सवय असलेल्या आपल्या हाताला हे निर्दयपणाचे वाटते. माझाही हात तिसऱ्या वर्षी धजावला नाही, तर फळे लिंबाएवढीच राहिली आणि त्यांच्या भाराने एक मुख्य फांदी बुंध्यापासून फाटली.

विरळणीलाही तेवढाच धीर लागतो. फळे गोटीएवढी झाली की, आतली कोय कडक होण्याआधी, एका काडीवरील दोन फळांत 15 ते 20 सेंटीमीटर अंतर राहील अशा बेताने बाकीची खुडावीत. जोडफळे आणि वेडीवाकडी फळे आधी काढावीत. एक फळ पोसायला साधारण 30 ते 40 पाने लागतात, हे लक्षात ठेवले की जमिनीवर पडलेल्या हिरव्या फळांच्या सड्याचे दुःख कमी होते.

पाने आक्रसलेली दिसली तर पान उलटून पाहावे. खाली मावा (रस शोषणारी बारीक कीड) असेल तर प्रादुर्भाव थोडा असेतो पाण्याचा जोरदार फवारा पुरतो. पान जाड होऊन त्यावर लालसर फोड आले असतील तर ती बुरशी असते आणि त्या हंगामात औषध मारून उपयोग नसतो. त्यासाठी पानगळीनंतर आणि कळ्या फुगण्याआधी 1 टक्का बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) फवारावे लागते. शेणखत हिवाळ्यात द्यावे. फळ भरत असताना पाण्यात खंड पडू देऊ नये.

तोडणीच्या वेळी लाल रंगावर विसंबू नये, कारण उन्हाच्या बाजूने कच्चे फळही लाल दिसते. देठाजवळचा हिरवा रंग पिवळसर झाला की फळ तळहातावर धरून हलकेच पीळ देऊन तोडावे. अंगठ्याने दाबून पाहण्याचा मोह टाळावा, कारण दुसऱ्या दिवशी नेमका त्याच जागी तपकिरी डाग उमटतो.