रेशीम परदेशी पाठवताय? मग या चुका टाळा

पूर्व विदर्भातला कोसा, म्हणजे टसर रेशीम, आणि मराठवाड्यातलं तुतीचं रेशीम, दोन्हीकडच्या छोट्या गटांसोबत मी निर्यातीचं काम करते. हात कसलेले, माल देखणा, परदेशी ग्राहकही मिळालेला, आणि तरी पहिलीच ऑर्डर फसते, हे इतक्यांदा पाहिलंय की आता नव्या गटाने फोन केला की काय विचारायचं ते मला पाठ झालंय. सगळ्यांना वाटतं अडचण कागदपत्रांत आहे. कागदपत्रं महिनाभरात होतात. माल फसतो तो आधीच, घरात आणि मागावर.

नमुना एका हाताचा, माल दहा हातांचा

सगळ्यात जास्त नुकसान या एका चुकीने होतं.

परदेशी ग्राहक नमुना मागतो. गट काय करतो? सगळ्यात कसलेल्या विणकराला बसवतो, निवडक सूत देतो, रंगाई स्वतः उभं राहून करून घेतो. नमुना अप्रतिम होतो. मग ऑर्डर येते आणि तोच गट ते काम दहा घरांत वाटतो.

भंडारा जिल्ह्यातल्या एका गटाचं सांगते. युरोपातल्या एका दुकानदाराला त्यांचा कोशाचा स्टोल फार आवडला. डाळिंबाच्या सालीचा पिवळा रंग, हिरड्यात भिजवून पक्का केलेला. ३०० नगांची ऑर्डर आली. मुदत कमी वाटली म्हणून विणकाम अकरा मागांवर वाटलं आणि रंगाईही ज्याची त्याने घरीच केली. नमुना विहिरीच्या पाण्यात रंगवलेला होता. तीन घरांत बोअरचं पाणी होतं आणि त्यात लोह भरपूर. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह एकत्र आलं की रंग काळवंडतो, हे जुन्या रंगाऱ्यांना माहीत असतं. त्या तीन घरांतला पिवळा शेवाळी राखाडीकडे झुकला. घरात तो कुणाला खटकला नाही, कारण सगळे स्टोल तसेच होते आणि शेजारी ठेवायला दुसऱ्या घरचा नव्हता. पेट्या भरल्या रात्री, ट्यूबलाइटच्या उजेडात.

लांबीचं तेच. ऑर्डर १८० सेंटिमीटरची. टेप लावला तो मागावर ताणलेल्या कापडाला. कापड उतरून धुतल्यावर कुठे १७७ भरलं, कुठे १७१. ग्राहकाने निम्म्याहून अधिक नग नाकारले. माल परत आणायचा खर्चच इतका होता की शेवटी मिळेल त्या भावात तिथेच सोडावा लागला. त्या अकरा घरांत एकानेही कामचुकारपणा केला नव्हता. ज्याने त्याने आपलं काम मन लावून केलं आणि तरी फटका त्यांनाच बसला, हे मला अजून सलतं.

माझी सवय आता पक्की आहे. नमुना मी गटातल्या मधल्या हाताच्या विणकराकडून विणून घेते, नेहमीच्या सुतावर. त्या हाताला जे रोज जमतं तेच विकायचं. एकाच खेपेतले तीन नग तयार करायचे. एक ग्राहकाकडे जातो, एक गटाच्या कपाटात बंद राहतो, तिसरा कापून त्याच्या पट्ट्या प्रत्येक घरी देते. विणकराने आपलं कापड त्या पट्टीशेजारी धरायचं, दिवसा, दारात. रंगाई एकाच जागी, एकाच पाण्यात, सगळ्या ऑर्डरची. लांबी मोजायची ती धुऊन वाळल्यावर, टेबलावर, न ताणता.

आणि ग्राहकाला आधीच लेखी सांगायचं. कोशाचा मूळ रंग खेपेगणिक थोडा बदलतो. हे लपवण्यासारखं नाही, फक्त माल पोहोचल्यावर सांगायचं नसतं. सगळ्यात फिकट आणि सगळ्यात गडद असे दोन नग पाठवा आणि ‘या दोहोंमधलं सगळं चालेल’ असं त्याच्याकडून लिहून घ्या. लांबीलाही दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे मान्य करून घ्या. चांगला ग्राहक याला कधी नाही म्हणत नाही. नाही म्हणणाऱ्याला हातमागाचा माल नकोच आहे, त्याला वेळेवर सोडून द्या.

मुदत देतानाही भाताच्या रोवणीचे दिवस, लग्नसराई आणि दिवाळी वजा करून द्या. रोवणीला अर्धे माग बंद असतात हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं, पण ईमेलला उत्तर देणारा उत्साही मुलगा ते विसरतो.

गोंदाचं वजन विकणं

ही चूक हिशेबाची आहे, म्हणून कुणी तिच्याबद्दल बोलत नाही.

तुतीच्या कच्च्या रेशमात साधारण २० ते २५ टक्के सेरिसिन असतं, म्हणजे धाग्यावरचा नैसर्गिक गोंद. डिगमिंग करताना, साबण-सोड्याच्या उकळत्या पाण्यात, तो निघून जातो. किलोभर कच्चं सूत घेतलं तर हातात पाऊण किलो ते आठशे ग्रॅम रेशीम उरतं. सूत विकत घेताना मात्र पैसे पूर्ण किलोचे मोजलेले असतात.

परदेशी ग्राहक वजन सांगतो मॉमीमध्ये. एक मॉमी म्हणजे चौरस मीटरला ४.३४ ग्रॅम. त्याने १६ मॉमी मागितलं तर तयार कापड चौरस मीटरला साधारण ७० ग्रॅम हवं. गट कोरं, म्हणजे गोंद न काढलेलं कापड काट्यावर ठेवतो, ७० ग्रॅम भरतं, खूश होऊन भाव कळवतो. डिगमिंग झाल्यावर तेच कापड ५४ ग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे साडेबारा मॉमीच्याही आत. धुताना कापड थोडं आटतं म्हणून आकडा थोडा पुढेमागे होईल, पण तूट भरून निघत नाही. तयार ७० ग्रॅम द्यायचं तर कोरं कापड ९० ग्रॅमच्या घरात विणायला हवं. सुताचा खर्च जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढला, आणि भाव तर कळवून झालाय. मग गट दोनपैकी एक करतो: तोटा सोसतो किंवा हलका माल पाठवतो. हलका माल पाठवणाऱ्याला दुसरी ऑर्डर मिळत नाही.

कोशात गोंद तुतीपेक्षा कमी असतो, म्हणून तुतीचा हिशेब कोशाला लावू नका आणि कोशाचा तुतीला तर मुळीच नाही. प्रत्येक खेपेच्या सुताची एक लडी वजन करून, गोंद काढून, वाळवून पुन्हा वजन करा. फार मोठं काम नाही. ‘दरवेळी तेवढंच निघतं’ म्हणून ते टाळणाऱ्यांशी माझं नेहमी भांडण होतं.

दुसरी गोष्ट पाण्याची. रेशीम हवेतला ओलावा पितं. जागतिक व्यापारात कोरड्या रेशमाच्या वजनावर ११ टक्के ओलावा धरायची रीत आहे. पावसाळ्यात घेतलेल्या सुतात त्याहून जास्त पाणी असू शकतं आणि तुम्ही त्याचे रेशमाच्या भावाने पैसे देता. सूत विकत असाल तर उलटं: कराराच्या कागदावर वजन कोणत्या ओलाव्याला धरलंय ते लिहा.

वजनाचा आणखी एक काटा अमेरिकेत टोचतो. तिथे कपड्यांना ज्वलनशीलतेचा नियम आहे. साध्या पृष्ठभागाचं कापड चौरस यार्डाला २.६ औंस, म्हणजे चौरस मीटरला साधारण ८८ ग्रॅम किंवा त्याहून जड असेल तर चाचणीतून सूट मिळते. २० मॉमीचं रेशीमसुद्धा या रेषेच्या किंचित खाली येतं. पातळ रेशमी स्कार्फ ही तिथली नेहमीची अडचण आहे. ग्राहक विचारेल याची वाट बघू नका, ऑर्डर घेण्याआधी चाचणी कोण करणार आणि खर्च कोणाचा हे ठरवा.

‘शुद्ध रेशीम’ लिहून मोकळं होणं

ताण्याला बाहेरून आलेलं सूत, बाण्याला गावचा कोसा, आणि लेबलवर ‘स्थानिक शुद्ध कोसा’. हे करू नका. बाहेरचं सूत वापरणं गुन्हा नाही, ते लपवणं आहे. युरोपात २०११ च्या १००७ क्रमांकाच्या नियमावलीनुसार कापडावर तंतूंची टक्केवारी द्यावी लागते आणि ‘शुद्ध’ हा शब्द पूर्ण एकाच तंतूच्या मालालाच लावता येतो. काठाला थोडी व्हिस्कोस (रेशमासारखा दिसणारा कृत्रिम धागा) असेल तर ती लिहा. ग्राहकाला मिश्रण चालतं, फसवणूक चालत नाही.

केंद्रीय रेशीम मंडळाच्या सिल्क मार्कवर माझा विश्वास आहे आणि तो घ्याच. पण तो रेशीम खरं असल्याचं सांगतो, रंग सुरक्षित असल्याचं नाही. आठवडी बाजारातल्या पुडीतला रंग वापरून कापडावर सिल्क मार्क लावला तरी युरोपात माल अडकू शकतो. ॲझो नावाच्या कृत्रिम रंगांपैकी काहींतून अमाइन ही घातक रसायनं सुटतात. तिथे अशी २२ अमाइन यादीत आहेत आणि मर्यादा किलोला ३० मिलिग्रॅम. रंग नावाजलेल्या कंपनीचा, बंद डब्यातला, बिलासकट घ्या आणि पहिल्या खेपेचं कापड मुंबईच्या टेक्स्टाइल्स कमिटीकडे किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. ओलं घासून रंग लागतो का तेही तिथेच पाहून घ्या. पांढऱ्या कोटावर उतरलेल्या लाल रंगाची तक्रार मिटवणं फार महागात पडतं.

रीलिंग, म्हणजे कोषांतून धागा काढण्याचं काम, करणाऱ्यांसाठी एवढंच. चरख्यावरच्या सुताला २०/२२ डेनियर (धाग्याच्या जाडीचं माप), ३ए दर्जा असं सांगून विकू नका. तो दर्जा स्वयंचलित यंत्रावर, चांगल्या बायव्होल्टाइन (वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या जातीच्या) कोषांतून येतो. चरख्याच्या सुताला त्याच्या गाठींसकट मागणारे विणकर आणि डिझायनर आहेत. त्यांना शोधा.

कागदांबद्दल थोडक्यात

आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीसाठी लागणारा क्रमांक, गटातल्या एका व्यक्तीच्या पॅनवर काढू नका. ती व्यक्ती गट सोडते तेव्हा निर्यातदार म्हणून ओळखही तिच्याबरोबर जाते. उत्पादक कंपनी किंवा संस्थेच्या पॅनवरच काढा. बँक खातंही त्याच नावाचं.

आयईसी दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये अद्ययावत करावा लागतो, काही बदललं नसलं तरी. विसरलात तर तो बंद पडतो, आणि हे नेमकं माल बंदरावर उभा असताना कळतं.

जीएसटीचं एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र, दर आर्थिक वर्षाला नवं.

ज्या बंदरातून किंवा विमानतळावरून माल जाणार, तिथल्या कस्टमकडे एडी कोड (परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या तुमच्या बँकेचा क्रमांक) आधी नोंदवा.

एचएस कोड, म्हणजे मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, एजंटाच्या भरवशावर सोडू नका. रेशमी कापड ५००७ मध्ये जातं, पण तेच कापड कापून, कडा शिवून स्टोल केला की तो ६२१४ मध्ये. कोड चुकला की परतावा चुकतो आणि पलीकडे ग्राहकाला आयात शुल्कही चुकीचं लागतं.

पैसे: पहिल्या ऑर्डरला निम्मी रक्कम आगाऊ आणि बाकीची माल निघण्याआधी. ‘परदेशात असं चालत नाही’ असं कुणी म्हणालं तरी डगमगू नका, छोट्या ऑर्डरीत चालतं. उधारी द्यायचीच असेल तर ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात-उधारीचा विमा घ्या. लेटर ऑफ क्रेडिटच्या (ग्राहकाच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीच्या) मागे छोट्या रकमेसाठी लागू नका. एका कागदावरचं स्पेलिंग दुसऱ्याशी जुळलं नाही तरी बँक हरकत काढते.

थेट परदेशी प्रदर्शनाचं स्वप्न

कुणाचं मन मोडायला मला आवडत नाही, पण ज्या गटाने एकसारखे पन्नास नग अजून केलेले नाहीत त्याने परदेशातल्या प्रदर्शनात स्टॉल घेऊ नये. अनुदान मिळत असलं तरी नाही. तिथे ऑर्डर मिळेल हीच खरी भीती आहे. मिळालेली ऑर्डर पुरी करता आली नाही तर तो ग्राहक जातो, आणि ‘तिकडचा माल भरवशाचा नाही’ असं तो इतरांनाही सांगतो. त्याची किंमत शेजारच्या गावातल्या, चांगलं काम करणाऱ्या गटालाही मोजावी लागते.

घाई असलेल्यांना हे पटत नाही, तरी मी सांगत राहते: पहिले दोन हंगाम एखाद्या मर्चंट एक्स्पोर्टरला, म्हणजे माल विकत घेऊन स्वतःच्या नावाने निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याला, माल द्या. अटी पाळल्या तर त्याला केलेल्या विक्रीवर जीएसटी फक्त ०.१ टक्का लागतो, मात्र तुमच्या बिलाच्या तारखेपासून ९० दिवसांत माल देशाबाहेर जायला हवा. शिपिंग बिलाची (कस्टमकडे भरलेल्या निर्यातीच्या कागदाची) प्रत मागून घ्या. भाव थोडा कमी मिळेल. पण बंदर, बँक आणि परदेशी ग्राहकाचा राग त्याच्याकडे, आणि तुमच्याकडे फक्त एकसारखा माल करण्याचं काम. व्यवहार ठरवतानाच त्याला एक अट घाला: परदेशी ग्राहकाने काय नाकारलं आणि का, हे त्याने फोटोसकट तुम्हाला कळवायचं. बरेच व्यापारी हे टाळतात, स्वतःच किंमत कापून मोकळे होतात. जो कळवायला तयार आहे त्याला दोन रुपये कमी भावाने माल द्या, आणि ते फोटो विणकरांच्या बैठकीत मोठ्या पडद्यावर दाखवा.