हॉस्पिटलच्या रेकॉर्डवरून रिसर्च करायचाय? आधी हे बघा

थिसिससाठी हॉस्पिटलचा डेटा वापरू का, असं पीएसएमचे (सामाजिक वैद्यकशास्त्राचे) पीजी आणि एमपीएचची (मास्टर ऑफ पब्लिक हेल्थची) मुलं सारखं विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकते. वापरा, नक्की वापरा. हजारो पेशंटचा अभ्यास करायचा तर घरोघरी फिरायला ना माणसं असतात ना पैसा, आणि रेकॉर्ड तर आधीच तयार असतं. फक्त ते तुमच्या रिसर्चसाठी लिहिलेलं नसतं, कुणी बिल पास व्हावं म्हणून लिहिलंय तर कुणी कायद्याने लागतं म्हणून. त्यामुळे एक्सेल उघडायच्या आधी एमआरडीत (मेडिकल रेकॉर्ड डिपार्टमेंटमध्ये) जा, रोज एन्ट्री करणाऱ्यांच्या शेजारी एक अख्खा दिवस बसा आणि एकेका कॉलमबद्दल विचारा, हा कोण भरतं, कधी भरतं, कशावरून भरतं.

मी सुरुवातीला हे केलं नव्हतं. एका हॉस्पिटलच्या डेटात एका महिन्यात डायबेटिसच्या ॲडमिशन दुपटीच्या वर गेल्या, मी ग्राफ काढून गाईडना दाखवलाही, आणि मग कळलं की त्या महिन्यात नवीन सॉफ्टवेअर आलं होतं, आधी एकच निदान टाकता यायचं ते आता पाच टाकता येत होती. पेशंट होते तेवढेच होते. तीन आठवड्यांचं काम गेलं. आता मी सगळ्यात आधी नुसत्या महिन्यावार एन्ट्री मोजते, कुठे उडी किंवा खड्डा दिसला की आधी ऑफिसला फोन.

मग ओळ म्हणजे काय ते बघा. बिलिंगमध्ये एक ओळ म्हणजे एक बिल, एक माणूस नाही. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येणारे काका वर्षात दीडशे वेळा दिसतील. महात्मा फुले योजनेचा किंवा पीएमजेएवायचा (आयुष्मान भारतचा) क्लेम डेटा, म्हणजे हॉस्पिटलने योजनेकडे मागितलेल्या पैशांची नोंद, मिळाला तर तिथे पैसे पॅकेजवर, म्हणजे एकेका उपचाराच्या ठरलेल्या रकमेने मिळतात, म्हणून पॅकेजचा कोड म्हणजेच आजार असं धरू नका, आणि ओपीडीत गोळ्या घेऊन घरी गेलेले तिथे नसतातच.

एकाच माणसाच्या ओळी जोडणं हे सगळ्यात किचकट काम. वाघ आडनाव कुणी डब्ल्यूने टाइप करतं कुणी व्हीने, आणि साउंडेक्स (उच्चाराने सारखी नावं शोधायची पद्धत) पहिलं अक्षर तसंच ठेवतं त्यामुळे त्याच्या हिशोबाने ही दोन माणसं. लग्नानंतर बाईचं मधलं नाव आणि आडनाव बदलतं, कधी पहिलंही. मोबाइल नंबर घरातल्या सगळ्यांसाठी मुलाचा एकच. वय विचारून लिहिलेलं, त्यामुळे ५० आणि ६० वर ढीग. म्हणून एकाच गोष्टीवर भरवसा नको, नाव, लिंग, जन्मवर्ष दोन-तीन वर्षं मागेपुढे, पिनकोड असं सगळं मिळून प्रत्येक जोडीला मार्क द्या आणि मधल्या मार्कांच्या, शंकेच्या जोड्या स्वतः डोळ्यांनी तपासा.

मृत्यूच्या कारणांचं तर विचारू नका. फॉर्म ४ (हॉस्पिटलमधल्या मृत्यूच्या कारणाचा दाखला) मध्ये पहिल्या भागात अ, ब, क अशा ओळी असतात, अ मध्ये शेवटी काय झालं आणि खाली ते कशामुळे झालं. मी बघितलेल्या एका गठ्ठ्यात पानामागून पान अ मध्ये 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' आणि खाली ब, क कोरे. एकाचा केस पेपर काढला तर आत दहा वर्षांची शुगर, कापलेलं बोट, सेप्सिस, सगळं व्यवस्थित लिहिलेलं होतं, फक्त फॉर्मवर आलं नव्हतं.

आता दर काढताना भागिले कुठली लोकसंख्या करणार ते ठरवा. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू होतो तिथे होते, आणि पुण्याच्या ससून हॉस्पिटलला साताऱ्याहून, नगरहून, सोलापूरहून पेशंट येतात, तेव्हा पत्ता न बघता पुण्याचा दर काढलात तर तो फुगणारच. शिवाय पुणे महापालिकेची हद्द बदललीय, २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३, आणि हाताशी जनगणना २०११ ची. म्हणजे २०१६ चं पुणे आणि २०२२ चं पुणे ही एक जागाच नाही! पत्ताही नीट वाचा. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) साथ आली तेव्हा नांदेड गाव, किरकटवाडी इथल्या पेशंटचं पाणी विहिरीचं की नळाचं हा प्रश्न होता, आणि केस पेपरवर नुसतं 'सिंहगड रोड' असेल तर तो दांडेकर पुलापासून खडकवासल्याच्या पुढे जातो, त्यावरून पाणी कुठलं हे कसं सांगणार?

व्हॅलिडेशन, म्हणजे कोड खरा आहे का ही तपासणी, टाळू नका. तुमच्या आजाराचा कोड लावलेले शंभरेक केस पेपर रँडम काढा, कोड न दाखवता दोन डॉक्टरांना वाचायला द्या आणि खरे किती निघतात ते थिसिसमध्ये लिहा. कोड नसलेलेही थोडे काढा, निसटलेले तिथेच सापडतात. आणि लिहिताना २०१५ ची रेकॉर्ड (RECORD) नावाची, असल्या डेटावरच्या रिसर्चमध्ये काय काय लिहायचं त्याची चेकलिस्ट शेजारी ठेवा, कोडची पूर्ण यादी द्या.

एथिक्स कमिटीकडे (रिसर्चला मंजुरी देणारी समिती) सुरुवातीलाच जा, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाइडलाइन्सप्रमाणे असल्या कामाला पेशंटच्या कन्सेंटमधून (संमती घेण्यातून) सूट मिळू शकते पण ती कमिटीने द्यायची, आपण धरून चालायची नाही. नावं आणि नंबर जोडणारी फाइल वेगळी, पासवर्ड लावून, व्हॉट्सॲपवर कधीच नाही. टेबलात एखाद्या पेठेत एचआयव्हीचे दोनच पेशंट दिसत असतील तर आकडा छापू नका, दोन पेठा एकत्र करा, कारण गल्लीतल्या लोकांना दोन म्हणजे कोण ते लगेच कळतं.